एसीचा कॉम्प्रेसर अकाली का जातो?

ऐन मे महिन्यात एसी बंद पडतो. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटचं झाकण काढतो, हात लावून पाहतो आणि थोड्याच वेळात सांगतो, ‘कॉम्प्रेसर गेला.’ घरात तान्हं मूल असतं किंवा कुणी आजारी असतं, उकाड्यानं जीव नकोसा झालेला असतो. अशा वेळी आपण जास्त काही विचारत नाही. सांगतील ती रक्कम देतो आणि मोकळे होतो. या घाईत दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. कॉम्प्रेसर खरोखरच गेला आहे का? आणि गेला असेल तर कशामुळे?

मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. कॉम्प्रेसर हा एसीतला सर्वांत दणकट बनवलेला भाग आहे. कारखान्यातला दोष असेल तर तो बहुधा सुरुवातीच्या काळातच उघड होतो. चार-पाच उन्हाळे नीट काढल्यावर जो कॉम्प्रेसर जातो, त्याच्यामागे जवळजवळ नेहमी दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं: धुळीनं भरलेली कॉइल, कुठेतरी झिरपणारा गॅस, सैल झालेली वायर, कमी दाबाची वीज. ते कारण तसंच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही त्याच वाटेनं जातो आणि खर्च दुसऱ्यांदा होतो.

हे समजून घ्यायला आत काय चालतं ते थोडक्यात पाहू. घरगुती स्प्लिट एसीचा कॉम्प्रेसर म्हणजे बाहेरच्या युनिटमधला काळा, वेल्डिंगनं कायमचा बंद केलेला पोलादी डबा. त्याच्या आत मोटर आणि पंप एकत्र असतात आणि तळाशी तेल असतं. घरातून परत आलेला गॅस तो दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, तसा दाबलेला गॅसही चांगलाच तापतो. तो बाहेरच्या कॉइलमध्ये जातो, पंख्याच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो, पुढे बारीक वाटेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि तो गार होतो. घरातल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता शोषून त्याची पुन्हा वाफ होते आणि ती कॉम्प्रेसरकडे परतते. थोडं तेलही गॅसबरोबर सतत फिरत असतं, आणि मोटरमध्ये निर्माण होणारी उष्णता बाहेर नेण्याचं कामही याच गॅसकडे असतं. त्यामुळे या फेऱ्यात कुठेही अडथळा आला, तरी त्याचा शेवट कॉम्प्रेसर तापण्यात होतो. मोटरच्या वाइंडिंगवर जो विद्युतरोधक थर असतो, त्याच्याबद्दल विद्युत अभियंत्यांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान मर्यादेपेक्षा दर १० अंशांनी वाढलं, की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणजे एका दुपारीत काही जळत नाही. दोन-तीन उन्हाळे तापत राहिलेली मोटर मग एखाद्या दिवशी जाते.

बाहेरच्या युनिटपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष तिथेच होतं. एसीची जी क्षमता आपण ‘दीड टन’ वगैरे म्हणतो, ती बाहेर ३५ अंश तापमान आहे असं धरून मोजलेली असते. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास किंवा पुढे जातो. गॅसला बाहेरच्या हवेत उष्णता टाकायची, तर त्याला त्या हवेपेक्षा बराच जास्त गरम राहावं लागतं. बाहेर ४५ अंश असताना कॉइलमधला गॅस ५५-६० अंशांच्या घरात जातो, दाब त्या प्रमाणात चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट खेचतो आणि थंडावा मात्र कमी मिळतो. नवतपाच्या दिवसांत यंत्र असं आधीच मर्यादेला टेकलेलं असतं. त्यात कॉइलवर धुळीची चादर असेल, तर त्याला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात एसी घेताना स्टारबरोबरच ते यंत्र बाहेरच्या किती तापमानापर्यंत चालतं, हा आकडाही विचारायला हवा. काही यंत्रांवर तो ४६ असतो, काहींवर ५२ किंवा त्याहूनही जास्त.

जागेची निवड तितकीच महत्त्वाची आहे. बाहेरच्या युनिटमधून निघणारी गरम हवा दूर गेली पाहिजे आणि तीच फिरून आत ओढली जाता कामा नये. शहरांतल्या इमारतींत मात्र दर्शनी भाग सुबक दिसावा म्हणून सगळी युनिटं अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसवली जातात. खालच्या मजल्याची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्याचं युनिट तीच आत घेतं. बाहेर ३५ अंश असताना त्या डक्टमध्ये हवा खूपच जास्त तापलेली असते. काही घरांत युनिट दाट पट्ट्यांच्या जाळीमागे लपवतात, काही ठिकाणी बाल्कनीला काचा लावताना ते आतच राहून जातं. नवं घर सजवत असाल, तर इंटीरियरचं काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा, की पंख्यासमोरची जागा मोकळी हवी आणि मागे-बाजूला किती अंतर सोडायचं ते कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच सोडायचं. वरून ऊन आणि पाऊस अडवणारा छोटा छज्जा चांगला. पण तो चारी बाजूंनी बंद करू नये. कबुतरांचा त्रास सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची घरटी, पिसं आणि विष्ठा कॉइलच्या मागच्या बाजूला अडकते आणि ती समोरून दिसत नाही. पक्षी अडवणारी मोठ्या भोकांची जाळी युनिटपासून थोडी दूर लावावी. बारीक मच्छरदाणीची जाळी कॉइलला चिकटवली तर ती महिन्याभरात धुळीनं भरते.

ही कॉइल वर्षातून निदान दोनदा धुतली गेली पाहिजे, एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये एसी सुरू करण्याआधी आणि एकदा मधे. रस्त्याकाठी किंवा बांधकामाशेजारी राहत असाल तर आणखी लवकर. युनिट गच्चीवर किंवा अंगणात असेल, तर एमसीबी बंद करून बागेच्या नळीनं, साध्या धारेनं तुम्ही स्वतः धुऊ शकता. गाड्या धुण्याचा जोरदार पंप जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या नाजूक पात्या वाकतात, आणि वाकलेल्या पात्या धुळीइतकीच हवा अडवतात. पाणी विजेच्या जोडण्यांच्या बाजूला जाऊ देऊ नये. युनिट वरच्या मजल्याच्या छज्ज्यावर असेल, तर मात्र कृपा करून स्वतः खिडकीबाहेर जाऊ नका. आणि जो मुलगा सर्व्हिसिंगला येतो त्यालाही सुरक्षा पट्टा बांधल्याशिवाय बाहेर पाठवू नका. दोनशे रुपये वाचवण्यासाठी किंवा दहा मिनिटं घाई करण्यासाठी कुणाचा जीव टांगणीला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आता गॅस. ‘दरवर्षी थोडा गॅस भरावाच लागतो’ हे वाक्य इतक्या घरांत इतक्या विश्वासानं ऐकू येतं, की ते खोडून काढणं हेच या लेखाचं मोठं काम आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो आणि यंत्र ठीक असेल तर शेवटपर्यंत तितकाच राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरून गॅस भरून घेणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीचे पैसे आजच बाजूला काढणं.

गॅस कमी झाला की कॉम्प्रेसरवर दुहेरी मार बसतो. खोली लवकर गार होत नाही म्हणून तो अखंड चालत राहतो, आणि मोटरची उष्णता वाहून नेणारा गॅसच कमी असल्यामुळे आतून तापत जातो. तेलही नीट परत येत नाही. याची चिन्हं घरातल्या माणसालाही दिसतात. पूर्वी अर्ध्या तासात गार होणाऱ्या खोलीला दीड तास लागतो. आतल्या कॉइलचा एखादाच भाग गार किंवा बर्फाळ होतो, बाकीचा कोरडा राहतो. बाहेरच्या युनिटच्या बारीक नळीवर, नटाजवळ बर्फ साचतो. जोडाजवळ तेलकट डाग दिसतो. हा डाग सर्वांत खात्रीचा, कारण गॅस जिथून बाहेर पडतो तिथे तो तेलाचा अंश मागे सोडून जातो.

मेकॅनिकनं मग काय करायला हवं, हे आपल्याला माहीत असलं की कामाचा दर्जा आपोआप सुधारतो. आधी नळ्यांत नायट्रोजन दाबानं भरून साबणाच्या पाण्यानं गळती शोधायची. बहुतेक वेळा ती फ्लेअर नटच्या जोडावर किंवा कॉइलच्या वळणावर सापडते. ती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा काढायचा; निदान अर्धा तास तरी पंप चालला पाहिजे आणि मीटरवर व्हॅक्यूम टिकतो हे दिसलं पाहिजे. मग गॅस वजन करून भरायचा. किती ग्रॅम भरायचा हे युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलायची आणि हाताच्या अंदाजानं ‘बस झाला’ म्हणायचं, ही पद्धत आर-२२च्या काळात खपून गेली. आजच्या आर-३२ आणि आर-४१०ए गॅसबरोबर जे तेल वापरतात, ते हवेतला दमटपणा पटकन शोषून घेतं. आत राहिलेल्या ओलाव्यामुळे पुढे आम्ल तयार होतं आणि ते वाइंडिंगचा थर खात जातं. गॅस जास्त भरला तरी दाब चढतो आणि द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरण्याचा धोका असतो. पंपाला वाफ दाबता येते, द्रव दाबता येत नाही. त्यात आतले भाग तुटतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आर-३२ हा सौम्य ज्वलनशील गॅस आहे आणि काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो तर चांगलाच पेट घेतो. त्यामुळे नळ्यांत गॅस असताना ब्रेझिंगची ज्योत लावू देऊ नये, आणि काम चालू असताना दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी गळतीचं मोठं कारण म्हणजे खारी हवा. मीठ आणि दमटपणा मिळून कॉइल पोखरतात आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. उघड्या नाल्याच्या काठावरच्या इमारतींतही तेच होतं. सांडपाण्यातून निघणारा गंधकयुक्त वायू तांब्याला खातो. अशा ठिकाणी संरक्षक लेप दिलेली कॉइलच घ्यावी, बाहेरच्या युनिटला समुद्राच्या थेट वाऱ्यापासून आडोसा द्यावा आणि गोड्या पाण्यानं ते वरचेवर धुवावं.

आतल्या युनिटचे फिल्टर हा भाग सोपा आहे. एसी रोज चालत असेल तर दर दोन आठवड्यांनी ते काढून नळाखाली धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. फिल्टर तुंबले की कॉइलवरून हवा जात नाही, तिच्यावर बर्फ धरतो आणि पूर्ण वाफ न झालेला गार द्रव कॉम्प्रेसरकडे जाऊन तिथलं तेल पातळ करतो. आतल्या युनिटवर बर्फ दिसला तर एसी तसाच चालवत राहू नये. थंड करणं बंद करून फक्त पंखा चालू ठेवावा, बर्फ वितळू द्यावा आणि कारण शोधावं.

विजेचा प्रश्न शहरापेक्षा गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी जास्त बोचतो. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. संध्याकाळी सगळीकडे एसी, कूलर आणि कृषिपंप चालू झाले की दाब उतरतो. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीची मोटर तेवढंच काम करण्यासाठी मग जास्त करंट खेचते, आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सर्वांत धोकादायक म्हणजे बंद पडलेला एसी कमी दाबावर पुन्हा सुरू होणं. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. दाब अपुरा असला की ती फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. अशा भागात चांगला स्टॅबिलायझर हवाच. इन्व्हर्टर एसीवर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेलं असलं, तरी ते किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत खरं आहे, हा आकडा पुस्तिकेत पाहावा आणि संध्याकाळी घरचा दाब एकदा मोजून घ्यावा. न्यूट्रल सैल झालं तर दाब एकदम भलताच वाढतो. घरातले दिवे कुठे मंद, कुठे लख्ख होताना दिसले, तर आधी एसीचा एमसीबी पाडा आणि मग महावितरणला कळवा.

वीज जाऊन लगेच आली किंवा चुकून रिमोटनं बंद केला, तर एसी पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटं तरी मिळाली पाहिजेत. तेवढ्या वेळात कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे गॅसचे दाब सारखे होतात आणि मोटरला हलकं सुरू होता येतं. आजच्या बहुतेक यंत्रांत ही सोय आतच असते. जुन्या यंत्रांसाठी ती स्टॅबिलायझरमध्ये असावी. एसीची वायर स्वतंत्र, पुरेशा जाडीची आणि तांब्याची हवी. दीड टनासाठी, अंतर जास्त असेल तर, ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकणं शहाणपणाचं. खोलीतल्या प्लगचा रंग पिवळा पडला असेल किंवा तो हाताला गरम लागत असेल, तर जोड सैल आहे.

रिमोटवर १६ अंश लावल्यानं खोली लवकर गार होते, हाही एक पक्का गैरसमज. साधा एसी १६वर आणि २४वर एकाच वेगानं गार करतो. १६वर तो फक्त थांबायचा विसरतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं १ जानेवारी २०२०पासून स्टार असलेल्या घरगुती एसीचं सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक केलं, ते विजेच्या बचतीसाठी. पण २४-२६ अंश आणि सोबत छताचा पंखा, यानं कॉम्प्रेसरलाही विश्रांती मिळते.

आता ‘गेला’ या निदानाकडे येऊ. जिवंत कॉम्प्रेसर मृत ठरवले जातात, हे खरं आहे, आणि दरवेळी त्यात लबाडी असतेच असं नाही. भर उन्हाळ्यात पोरं दिवसाला दहा घरं करतात, तपासायला वेळ नसतो. साध्या एसीत कपॅसिटर कमजोर झाला की कॉम्प्रेसर गुणगुणतो, सुरू होत नाही आणि थोड्या वेळानं ट्रिप होतो. लक्षण अगदी मेलेल्या कॉम्प्रेसरचं, आणि दुरुस्ती काही शे रुपयांची. बाहेरचा पंखा बंद पडला तरी कॉम्प्रेसर काही मिनिटांत तापून थांबतो. इन्व्हर्टर एसीत अनेकदा दोष पीसीबीत असतो; पाल शिरून शॉर्ट होणं, उंदरानं वायर कुरतडणं हे रोजचं आहे. आणि फार तापलेल्या कॉम्प्रेसरच्या आतला सुरक्षा-स्विच उघडलेला असतो, त्यामुळे मीटर लावला की वाइंडिंग तुटल्यासारखी दिसते. तो दोन-तीन तास पूर्ण थंड होऊ द्या आणि मग पुन्हा मोजायला सांगा.

मोजमाप तुमच्यासमोर व्हावं. साध्या कॉम्प्रेसरच्या तीन टोकांमध्ये जोडीजोडीनं रोध मोजला, की दोन लहान मापांची बेरीज तिसऱ्या मापाएवढी यायला हवी. इन्व्हर्टरच्या कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही मापं सारखी यायला हवीत. कोणतंही टोक आणि बाहेरचा पोलादी डबा यांच्यात वीज जात असेल, तर वाइंडिंग ‘बॉडी शॉर्ट’ झाली, आणि तो कॉम्प्रेसर खरोखर गेला. ही तपासणी न करता कुणी बदलायलाच सांगत असेल, तर दुसऱ्याचं मत घ्या. एक दिवस उकाड्यात काढावा लागला तरी चालेल.

खरंच गेला असेल तर पहिल्यांदा बिल शोधा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरला १० वर्षांची वॉरंटी देतात, पण गॅस, मजुरी आणि वाहतूक बहुधा तीत धरलेली नसते, आणि मधल्या काळात बाहेरच्या माणसानं यंत्र उघडलं असेल तर हरकत घेतली जाऊ शकते. दुकानातलं छापील बिल दोन-तीन वर्षांत पुसट होतं. एसी घेतला त्याच दिवशी बिलाचा आणि युनिटवरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. वाइंडिंग जळाली असेल तर जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल पाहायला मागा. ते काळं आणि उग्र वासाचं असेल, तर ते आम्ल सगळ्या नळ्यांत पसरलेलं आहे. तेव्हा नळ्या धुणं, फिल्टर-ड्रायर बदलणं आणि पूर्ण व्हॅक्यूम यांशिवाय नवा कॉम्प्रेसर बसवू देऊ नका. नवा कॉम्प्रेसर त्याच गॅससाठी बनवलेला हवा. यंत्र वॉरंटीबाहेरचं, आठ-दहा वर्षांचं असेल आणि कॉइलही गंजलेली असेल, तर माझ्या मते त्यात पैसे घालू नयेत. आर-२२ची जुनी यंत्रं तर टप्प्याटप्प्यानं संपतच आली आहेत. मॉन्ट्रियल कराराखाली भारतानं नव्या यंत्रांत हा गॅस वापरणं २०२५च्या सुरुवातीपासून बंद केलं आहे. जुना एसी देताना गॅस हवेत सोडू देऊ नका. तो सिलिंडरमध्ये काढून घेता येतो.

घर बदलताना एसी उतरवणाऱ्यांवरही लक्ष ठेवा. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेण्याच्या कामात नळी सैल असेल, तर कॉम्प्रेसर हवा आत ओढतो, आणि तेल व हवा एकत्र दाबली गेली की स्फोट होऊ शकतो. जोड आधी घट्ट तपासले पाहिजेत, आणि काम चालू असताना मुलांना तिथून दूर ठेवायला हवं.

आणि पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी एक छोटी सवय लावून घ्या. एसी अर्धा तास चालल्यावर क्लॅम्प मीटरनं किती अँपिअर येतात ते मोजायला सांगा आणि तो आकडा, तारीख आणि बाहेरचं तापमान कागदावर लिहून आतल्या युनिटच्या बाजूला चिकटवा. त्याच दिवसांत पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. इन्व्हर्टर एसीत वेग बदलत असल्यामुळे दोन्ही वेळा १६ अंश लावून, पूर्ण वेगावर असतानाच मोजायचं. आकडा बराच चढला असेल तर कॉइल, दाब आणि वीज तपासायची. बराच उतरला असेल तर गॅस.